एक्सएमएल शिकताना मराठवाड्यातून येणारे नेहमीचे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांसाठी आणि लातूर-जालन्याच्या मोंढ्यातल्या पेढ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. नव्याने कामाला लागलेली मुलंमुली एक्सएमएलपाशी, म्हणजे टॅगच्या खुणा लावून माहिती लिहिण्याच्या पद्धतीपाशी, आली की फोन करतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. माणसं जिथे खरोखर अडकतात, तिथे मी जास्त वेळ थांबले आहे.

जेसन असताना एक्सएमएल कशाला शिकायचं?

जेसन ही माहिती लिहिण्याची दुसरी, सुटसुटीत पद्धत. नवी वेब सेवा लिहायची असेल तर मीही जेसनच घेईन. पण नोकरीत नवं लिहिण्यापेक्षा आधीपासून चालू असलेल्याला जोडून घेण्याचं काम जास्त असतं. चहाच्या टपरीवर तुम्ही क्यूआर स्कॅन करता, तेव्हा बँका आणि एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था) यांच्यात यूपीआयचे जे संदेश फिरतात ते एक्सएमएलमध्ये असतात. आरटीजीएस ऑक्टोबर २०१३ पासून आर्थिक संदेशांच्या आयएसओ २००२२ या प्रमाणावर चालतं, त्याचेही संदेश एक्सएमएलच. मोठ्या कंपन्या आपले ताळेबंद कंपनी मंत्रालयाकडे एक्सबीआरएलमध्ये भरतात, ती एक्सएमएलचीच शाखा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या ईआरपीतून (धंद्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) मालाच्या रवानगीची जी माहिती जाते, तिच्यातही ते वारंवार भेटतं.

सगळीकडे तेच आहे असं मात्र मी सांगणार नाही. जीएसटीची विवरणपत्रं जेसनमध्ये जातात. आयकर विवरणपत्राची फाईल पूर्वी एक्सएमएल होती, तीही २०२१-२२ या कर निर्धारण वर्षापासून जेसन झाली. पण बँक, विमा, कारखाना, सरकार यांपैकी कुणासाठीही काम करणार असाल, तर पहिल्या सहा महिन्यांत हा विषय समोर येईलच असं धरून चाला.

हे नेमकं दिसतं कसं?

मोंढ्यातली हिशोबपट्टी घेऊ. माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हातात जो कागद येतो, तोच असा लिहिता येतो:

<पट्टी क्रमांक="२१७">
  <तारीख>१४/११/२०२४</तारीख>
  <गाव>अंबाजोगाई</गाव>
  <माल>सोयाबीन</माल>
  <वजन एकक="क्विंटल">१२.४०</वजन>
  <दर>४३५०</दर>
  <हमाली>११०</हमाली>
  <तोलाई>४५</तोलाई>
</पट्टी>

सुरुवातीचा टॅग, शेवटचा टॅग आणि मधला मजकूर मिळून एक एलिमेंट. सगळ्यात बाहेर एकच एलिमेंट. आत उघडलेलं प्रत्येक एलिमेंट उलट्या क्रमाने बंद झालेलं. 'क्रमांक' आणि 'एकक' ही अॅट्रिब्यूट, त्यांची किंमत अवतरणचिन्हांत. एवढं पाळलं की फाईल 'सुघटित' झाली. १९८६ च्या एसजीएमएल या अवजड प्रमाणातून नेमकं कामाचं तेवढं वेगळं काढून १० फेब्रुवारी १९९८ रोजी वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने एक्सएमएल १.० जाहीर केलं. तो मूळ गाभा आजही तोच आहे.

या पट्टीत दोन चुका मी मुद्दाम ठेवल्या आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने फाईल पूर्ण बरोबर आहे, तरीही समोरचं सॉफ्टवेअर ती नाकारेल. कारण स्कीमाच्या, म्हणजे फाईलमध्ये काय कसं यावं याच्या नियमांच्या, प्रश्नात सांगते.

टॅगची नावं मराठीत चालतात? की हे फक्त समजावण्यापुरतं?

खरोखर चालतात. वरचा मजकूर जसाच्या तसा यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवण्याची पद्धत) मध्ये सेव्ह करून कुठल्याही चांगल्या पार्सरला, म्हणजे एक्सएमएल वाचून त्याचे भाग ओळखणाऱ्या साधनाला, द्या, तो तक्रार न करता वाचेल. एक्सएमएलची पायाभरणीच जगभरच्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडवर आहे, म्हणून देवनागरी नावं त्याला परकी नाहीत. कामाच्या प्रकल्पात नावं इंग्रजीतच ठेवतात, कारण तो कोड पुढे चेन्नईचा किंवा जर्मनीचा माणूसही वाचणार असतो. पण शिकताना मराठी टॅग लिहून पाहाच. कुठला शब्द भाषेच्या नियमाचा आणि कुठला आपण ठेवलेला, हा फरक मुलांना त्यातून एका तासात कळतो. इंग्रजी उदाहरणांत तो आठवडाभर कळत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मी परभणीत राहतो. पुण्याला गेल्याशिवाय हे शिकता येईल का?

येईल. जावा किंवा पायथन एकदा उतरवून घेतलं की पार्सर त्याच्यातच असतो. नेट गेलं तरी काम थांबत नाही. फाईल उघडून तपासायला व्हीएस कोड पुरतो. लिनक्सवर असाल तर एक्सएमएललिंट हे छोटं साधन वापरा. चूक कोणत्या ओळीत आहे ते ते सांगतं.

सरावाचा माल तर दाराशीच आहे. वर्डच्या एखाद्या फाईलची प्रत करा, तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत एक्सएमएलच्या फाईली दिसतील. ऑफिसचा हा साचा डिसेंबर २००६ मध्ये एक्मा-३७६ म्हणून प्रमाण झाला. एक्सेलचंही तसंच. गावातल्या कर सल्लागाराकडे किंवा अडत दुकानात टॅली असतं. ते माहिती एक्सएमएलमध्ये बाहेर काढतं आणि एक्सएमएलमध्ये आत घेतं. मालकाची परवानगी घ्या, सरावापुरती खोटी कंपनी तयार करा, तिच्यात दहा व्हाउचर भरा आणि ती बाहेर काढून वाचा. पुस्तकातल्या 'बुकस्टोअर'च्या उदाहरणापेक्षा हे कितीतरी जास्त शिकवतं, कारण खऱ्या व्यवसायाची गुंतागुंत त्यात असते.

तुमच्या स्वतःच्या आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाईलही एक्सएमएलच असते. ती झिपमध्ये, चार अक्षरी शेअर कोडने बंद करून मिळते आणि तिच्यावर डिजिटल सही असते. ती फक्त स्वतःच्या संगणकावर उघडा, कुणाला पाठवू नका. एक प्रयोग तेवढा करा: एडिटरमध्ये ती नीट मांडून, ओळी पाडून सेव्ह करा आणि मग सही तपासणारा कोड चालवा. सही मोडलेली दिसेल. आपल्या नजरेला रिकाम्या वाटणाऱ्या जागाही सहीच्या हिशोबात मजकूरच असतात. सही असलेल्या फाईलला वाचण्यापलीकडे हात लावायचा नाही, हे या एका प्रयोगाने कायमचं लक्षात राहतं.

कोणत्या भाषेत सुरुवात करू?

तुम्हाला येते त्या भाषेत. पायथनमध्ये एलिमेंट-ट्री, डॉटनेटमध्ये एक्स-डॉक्युमेंट, जावात डॉम आणि स्टॅक्स. बँका आणि मोठ्या ईआरपींच्या कामात जावा जास्त दिसते, म्हणून तिथे जायचं असेल तर जावा.

डॉम, सॅक्स, स्टॅक्स: यातलं काय वापरायचं?

डॉम अख्खी फाईल मेमरीत घेऊन तिचं झाड उभं करतं. मग कुठल्याही फांदीवर जा, बदला, परत लिहा. सॅक्स फाईल वरून खाली वाचत जातं आणि 'एलिमेंट सुरू झालं', 'मजकूर आला', 'एलिमेंट संपलं' अशा हाका मारत राहतं. ऐकायचं काम तुमचं. स्टॅक्सही तसंच पुढे पुढे वाचतं, पण 'पुढचं दे' असं तुम्ही म्हटल्यावरच. जावा ६ पासून ते जावातच आहे. डॉटनेटचं एक्सएमएल-रीडर याच जातीचं.

सुरुवातीच्या नोकरीत मी डॉमवर फार विसंबून होते. एका ग्राहकाकडून रोज रात्री मालाच्या नोंदींची फाईल यायची, दोन-चार एमबीची. मार्चअखेरीला तिच्यात वर्षभराच्या नोंदी आल्या आणि फाईल शेकडो एमबीची झाली. डॉमचं झाड मेमरीत मूळ फाईलच्या कितीतरी पट जागा घेतं. सर्व्हर मेमरी संपून बंद पडला, सकाळी गोदामात गाड्या उभ्या आणि गेटपास निघत नाहीत. त्या ड्रायव्हरांना उन्हात थांबावं लागलं ते माझ्या कोडमुळे, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. फाईल लहान आहे आणि मोठी होणार नाही याची खात्री आहे, तर डॉम किंवा एक्स-डॉक्युमेंट. खात्री नसेल तर स्टॅक्सने वाचत जायचं, एकेक पट्टी हातात घ्यायची, तेवढीच डेटाबेसात टाकायची आणि सोडून द्यायची. पायथनमध्ये हेच काम इटरपार्स करतं. पण वापरून झालेलं एलिमेंट तिथे स्वतः रिकामं करावं लागतं, नाहीतर झाड मागे साचतच राहतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. सॅक्स आज नव्याने कमी लिहिलं जातं, पण जुन्या कोडमध्ये ते भेटेल, म्हणून वाचता यायला हवं.

सॅक्समध्ये गावाचं नाव कधीकधी अर्धंच येतं. पार्सर बिघडलाय का?

पार्सर बरोबर आहे. एका एलिमेंटमधला मजकूर तो एकाच हाकेत देईल असं वचन त्याने कधीच दिलेलं नसतं. तो फाईल तुकड्यातुकड्यांनी वाचतो. 'अंबाजोगाई' नेमकं तुकड्याच्या काठावर आलं तर आधी 'अंबाजो' आणि मग 'गाई' मिळेल. एखादी मात्राही अक्षरापासून तुटून पुढच्या हाकेत येऊ शकते. म्हणून मजकूर आला की साठवत जा आणि एलिमेंट संपल्याची हाक आल्यावरच वापरा. लहान फाईलवर ही चूक कधी दिसत नाही, प्रत्यक्ष कामात दिसते. त्यामुळे चाचणीला मोठी फाईल घ्या.

एक्सपाथ बरोबर लिहिलाय, तरी काहीच सापडत नाही. का?

एक्सपाथ म्हणजे फाईलच्या झाडातला हवा तो भाग शोधण्याची लिहिलेली वाट. ती चुकते तेव्हा दहापैकी नऊ वेळा कारण नेमस्पेस. फाईलच्या सगळ्यात वरच्या एलिमेंटवर एखादा लांबलचक पत्ता लिहिलेला दिसेल. तो उघडायचा दुवा नसतो, ते आडनाव असतं. जालन्यातल्या दोन पेढ्या 'दर' हाच शब्द वापरतात, पण एकीचा दर क्विंटलचा आणि दुसरीचा कट्ट्याचा. गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकीने आपलं आडनाव लावलं. वर एकदा आडनाव लावलं की आतल्या सगळ्यांना ते आपोआप लागतं. एक्सपाथ १.० मध्ये मात्र नुसतं 'दर' लिहिलं की 'आडनाव नसलेला दर' असा अर्थ होतो, आणि तसा तिथे एकही नसतो. उपाय असा: कोडमध्ये त्या पत्त्याला स्वतःचं छोटं टोपणनाव द्या आणि एक्सपाथमध्ये प्रत्येक पायरीवर ते लावा. फाईलमधून नेमस्पेस पुसून टाकण्याचा उपाय काही जण सांगतात. तो करू नका. ज्या घोळासाठी आडनावं लावली तोच परत येतो.

स्कीमा शिकणं खरंच गरजेचं आहे का?

माझ्या मते सगळ्यात गरजेचं हेच, आणि सगळ्यात कमी शिकवलं जातं तेही हेच. टॅग वाचायला आठवड्यात येतं. पण ही फाईल म्हणजे एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या दोन पक्षांमधला करार असतो, आणि त्या कराराचा मसुदा म्हणजे स्कीमा. एक्सएसडी हे त्याचं प्रचलित रूप २००१ चं. नवं काम हातात आलं की मी नमुना फाईल नंतर उघडते, एक्सएसडी आधी वाचते. नमुना फाईल त्या दिवशी काय आलं ते दाखवते. उद्या काय काय येऊ शकतं ते एक्सएसडीत असतं: कोणतं एलिमेंट वगळलं तरी चालेल, कोणतं पन्नास वेळा येईल, क्रम काय.

आता आपल्या पट्टीकडे परत या. पहिली चूक तारीख. एक्सएसडीचा तारीख हा प्रकार वर्ष, महिना, दिवस असा क्रम आणि मध्ये आडव्या रेघा मागतो. आपण लिहिलेली १४/११/२०२४ तिथे तारीखच ठरत नाही. शिवाय ०७/०६ म्हणजे सात जून की सहा जुलै, हा वाद या क्रमामुळे मुळातच मिटतो.

दुसरी चूक देवनागरी आकडे. एक्सएसडीच्या पूर्णांक आणि दशांश प्रकारांना फक्त इंग्रजी आकडे चालतात. इथे एक बारीक सापळा आहे. जावाचं मजकुराचा पूर्णांक करणारं नेहमीचं फंक्शन देवनागरी '४३५०' मुकाट्याने स्वीकारतं, म्हणजे तुमचा कोड चालतो आणि बँकेचा पडताळणी करणारा सर्व्हर फाईल परत पाठवतो. याच्या उलटंही घडतं. एक्सएसडीच्या पॅटर्नमध्ये 'कोणताही अंक' असं जे लघुचिन्ह आहे, त्यात जगभरच्या लिप्यांचे अंक बसतात. पिनकोडला ते लावलं तर देवनागरी पिनकोडही पास होतो. तिथे शून्य ते नऊ ही मर्यादा स्पष्ट लिहा.

आणि पैसे दशांश प्रकारातच ठेवा. १२.४० क्विंटल गुणिले ४३५० म्हणजे ५३,९४० रुपये. हमाली-तोलाईचे १५५ वजा जाता ५३,७८५. कोडमध्ये हे फ्लोटिंग पॉइंटने (दशांश संख्या अंदाजे साठवणाऱ्या प्रकाराने) करू नका, जावात बिगडेसिमल आणि डॉटनेटमध्ये डेसिमल घ्या. पट्टीवर दहा पैसे कमी-जास्त दिसले तरी शेतकऱ्याचा सगळ्या हिशोबावरचा विश्वास उडतो.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं येतात.

तीन वेगळे आजार असतात, आधी कोणता ते ओळखा.

पहिला, एन्कोडिंगचा. फाईल एका पद्धतीने लिहिली आणि दुसऱ्या पद्धतीने वाचली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून 'मराठी' हा शब्द पंधरा बाइटचा. डेटाबेसातला रकाना बाइटमध्ये मोजला असेल तर नाव मध्येच कापलं जातं. फाईल आधी स्वतः मजकूर म्हणून वाचून मग पार्सरला देऊ नका; थेट बाइट द्या, एन्कोडिंग तो स्वतः ओळखतो.

दुसरा, जुन्या फॉन्टचा. मराठवाड्यातल्या कितीतरी कचेऱ्यांत आणि छापखान्यांत जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडून आहे. तिथे पडद्यावर 'क' दिसतो पण आत साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर. एक्सएमएलचं कुठलंही साधन हे दुरुस्त करणार नाही. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा, नावं डोळ्यांनी तपासा, मग पुढे.

तिसरा खास आपल्या भाषेचा, आणि तो कुठल्याच इंग्रजी पुस्तकात मला सापडला नाही. 'शेतकऱ्याचे' मधला अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे वेगळं चिन्ह घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. दिसायला दोन्ही सारखे, पार्सरला दोन वेगळे शब्द. एक्सएमएल नावं आणि मजकूर चिन्हागणिक ताडून पाहतं, उच्चार किंवा रूप पाहत नाही. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची ठरलेली पद्धत) केलं तरी हे दोन प्रकार एक होत नाहीत. तो बदल तुम्हालाच लिहावा लागतो. गावांच्या आणि माणसांच्या नावांवर जुळणी करत असाल तर माहिती आत येतानाच हे एकसारखं करून घ्या.

'पाटील & सन्स' आलं की फाईल फुटते.

कारण ती फाईल मजकुराचे तुकडे जोडून लिहिली आहे. & आणि < ही चिन्हं एक्सएमएलने स्वतःसाठी राखून ठेवलेली आहेत. लिहिण्यासाठीही लायब्ररीच वापरा, ती ही चिन्हं आपोआप सांभाळते. काही हिशोबाच्या प्रणालींतून येणाऱ्या फाईलींत न दिसणारी कंट्रोल चिन्हंही असतात. एक्सएमएल १.० मध्ये ३२ पेक्षा लहान क्रमांकाच्या कंट्रोल चिन्हांपैकी टॅब आणि ओळ बदलण्याची दोन चिन्हं सोडली तर बाकीची निषिद्ध आहेत. ती वाचण्याआधी गाळा आणि किती गाळली त्याची नोंद ठेवा.

सुरक्षेचं काय? फाईल वाचण्यात कसला धोका?

मोठा धोका आहे. डीटीडी नावाच्या जुन्या भागात 'एंटिटी' ठरवता येते, म्हणजे एका लघुनावाच्या जागी दुसरा मजकूर. तो मजकूर तुमच्या सर्व्हरवरच्या एखाद्या फाईलमधून आणायला सांगता येतो. बाहेरच्या माणसाने तशी पट्टी पाठवली तर तुमचा पार्सर पासवर्डची फाईल वाचून उत्तरात देऊन बसेल. याला एक्सएक्सई म्हणतात. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०१७ च्या दहा मोठ्या धोक्यांत तो चौथा होता. दुसरा हल्ला 'बिलियन लाफ्स': एका एंटिटीत दुसरी दहा वेळा, तिच्यात तिसरी दहा वेळा, असं करत एक केबीपेक्षा लहान फाईल मेमरीत सुमारे तीन जीबी होते.

जावाचे नेहमीचे पार्सर हे दार उघडं ठेवूनच येतात. डीटीडी पूर्ण बंद करणारं फीचर चालू करा, आणि ते प्रत्येक ठिकाणी हाताने न करता पार्सर बनवणारं एकच फंक्शन टीममध्ये ठेवा. पायथनमध्ये याच कामासाठी डिफ्यूज्ड-एक्सएमएल आहे. हे पहिल्याच दिवशी करायचं काम आहे.

एक्सएसएलटी शिकू का?

एका आकाराची पट्टी दुसऱ्या आकारात न्यायची असेल तर ते सुंदर साधन आहे, पण विचार करण्याची सवय बदलावी लागते. पहिली आवृत्ती १९९९ ची, तिसरी २०१७ ची. जावात आयती मिळते ती पहिलीच, पुढच्यांसाठी सॅक्सन हे वेगळं साधन लागतं. क्रोमने २०२५ मध्ये ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढण्याचं जाहीर केलं, त्याने घाबरू नका. सर्व्हरवरच्या कामाशी त्याचा संबंध नाही. तरीही स्कीमा पक्की झाल्यावरच इकडे वळा.

पुस्तकातला जॅक्सबीचा कोड नव्या जावावर चालत नाही.

जॅक्सबी म्हणजे एक्सएमएल आणि जावाचे ऑब्जेक्ट यांची अदलाबदल करणारं साधन. २०१८ च्या जावा ११ मध्ये ते जावातून बाहेर काढलं. आता ते जकार्ता नावाने वेगळं जोडावं लागतं, आणि पॅकेजचं 'जावाएक्स' हे नावही बदलून 'जकार्ता' झालं. बाकी कोड बहुतेक तोच.

मुलाखतीत दाखवायला काय करू?

सर्टिफिकेटपेक्षा एक छोटा प्रकल्प न्या. वरच्या पट्टीची एक्सएसडी लिहा, वेगवेगळ्या गावांच्या एक लाख खोट्या पट्ट्या तयार करणारा कोड लिहा, त्या स्टॅक्सने वाचा, चुकीच्या बाजूला काढा आणि प्रत्येक चुकीची ओळ कोणती व कारण काय याची यादी द्या. रोज दोन तास दिले तर महिना-दीड महिन्याचं काम आहे. नांदेडहून आलेल्या एका मुलीने मुलाखतीत हीच यादी माझ्यापुढे ठेवली होती, आणि तिच्यात 'शेतकऱ्याचे' दोन प्रकारे आल्याची नोंदही होती. पुढचा अर्धा तास आम्ही फक्त त्या एका ओळीवर बोललो.